झाकणाला पाडलेली भोकं

नमस्कार मंडळी. मासे म्हटलं की आपलं मुंबईकरांचं गाडं पापलेट, सुरमई, बांगडा इथेच अडतं. आज गोड्या पाण्यातला मासा, बोटाएवढाही नाही, आणि खायचा तर अजिबातच नाही.

2018 चा डिसेंबर. मी, ताई आणि तिचा आठ वर्षांचा बंटी आंबोलीला गेलेलो, एसटीने, कारण स्वतःच्या गाडीने घाट चढून वरून डीजे लावणाऱ्यांचा मला जाम राग येतो, असो. तिथे हिरण्यकेशीचं देऊळ आहे, गुहेतून पाणी येतं आणि कुंडात पडतं. बंटी काठावर उकिडवा बसला तो उठेचना. तळाच्या खड्यांत काहीतरी सळसळत होतं. त्याने पाण्याची बाटली आडवी बुडवली आणि खरंच एक मासा आत! बारीक मिशा, उन्हात धरला तर पिवळाधमक. "मामा, घरी नेऊया ना, टँकमध्ये." आणि मी काय करावं? ताईची सेफ्टी पिन घेऊन झाकणाला भोकं पाडली! तेवढ्यात देवळातले काका आले. "ह्यो मासो खंय व्हरतंस रे बाबू? वाटेतच मरतलो तो." ओरडले नाहीत, फक्त बाटली उलटी होईपर्यंत हलले नाहीत. बंटी सावंतवाडीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मग 2020 ला पेपरात फोटो, आंबोलीच्या त्याच कुंडातला नवा मासा, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, रंग सोनेरी. आमचा तोच होता का, शपथेवर नाही सांगत. 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. जागा केवढी? 2.11 हेक्टर. परत सांगतो, फक्त 2.11 हेक्टर, आपल्या शिवाजी पार्कात कितीतरी वेळा मावेल.

असले मासे तळाशी खड्यांत राहतात, त्यांना स्वच्छ वाहतं पाणी लागतं. त्यात साबण लावून पाय धुतले, निर्माल्य टाकलं, की संपलं. आणि पुण्य म्हणून घरच्या टँकमधले गप्पी, तिलापिया सोडू नका हो! बाहेरचे मासे सोडू नका, ते तिथलं सगळं खाऊन टाकतात. हेच पाणी पुढे आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळतं, म्हणजे कोकणात उगवून घाटावर जाणारी नदी.

बंटी आता दहावीला आहे. पाहुणे आले की हा किस्सा तोच सांगतो, आणि प्रत्येक वेळी ताई आतून ओरडते, "भोकं मामाने पाडलेली, तेही सांग!"