खिडकीजवळची जागा

नमस्कार मंडळी. चहा चालला असेल तर चालू द्या, हातातलं काम सोडून ऐकायची काही गरज नाही. आज देवावरच्या भरवशाविषयी बोला असं मला सांगितलंय, आणि खरं सांगतो, विषय ऐकून मी जरा बिचकलोच, कारण यावर बोलणारा बहुतेक वेळा संकट दुसऱ्याच्या घरात असताना बोलत असतो. "देव करतो ते बऱ्यासाठीच" हे वाक्य मी सुतकाच्या घरात ऐकलंय, दवाखान्याच्या जिन्यात ऐकलंय, आणि एकदा माझ्या स्वतःच्या बागेत ऐकलंय, पायाखाली गारांचा थर असताना. म्हणणारा बिचारा मनाचा चांगला होता, पण त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं होतं, हे कबूल करतो.

2014 चा मार्च. गारपिटीचं वर्ष म्हटलं की निफाडकडच्या माणसाला अजून वेगळं काही सांगावं लागत नाही. आमची द्राक्षं आठ दिवसांवर आलेली, मण्यात साखर भरलेली, व्यापारी बघून गेलेला, इसार हातात आलेला, आणि दुपारी चारच्या सुमाराला आभाळ असं पिवळट काळं झालं की कोंबड्यासुद्धा गप झाल्या. मग शेडच्या पत्र्यावर एक टण्ण, मग दुसरा, आणि नंतर इतका आवाज की शेजारी उभे असलेले आण्णा काय ओरडतायत ते ऐकूच येईना. फार वेळ नव्हती, पंधरा मिनिटं असेल. बाहेर गेलो तर तारेवर नुसत्या काड्या, त्यांचीही साल सोललेली, म्हणजे या वर्षाचं तर गेलंच पण पुढच्या वर्षाच्या मालालाही मार, आणि खाली घडांचा लगदा. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर त्याला जो आंबूस वास सुटला ना, तो माझ्या नाकातून अजून गेला नाही. औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न ठरलेलं... पंचनामे वगैरे झाले, तो वेगळा विषय आहे, त्यात शिरलो तर आजचा सगळा वेळ त्यातच जाईल.

आमची आई वारकरी. गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही. तिनं त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी देवघराचं दार लोटलेलंच, आम्ही कोणी विचारायची हिंमत केली नाही. चौथ्या दिवशी पहाटे मला आवाज आला म्हणून उठलो तर आई देवापुढं बसून विठोबाला चक्क झाडत होती, एकेरीत, "तुला दिसत नव्हतं का रे, आठ दिवस थांबला असतास तर तुझं काय जात होतं", असं बरंच काही, आणि हे बोलता बोलता वात वळत होती, निरांजनात तेल घालत होती. मी म्हटलं, आई भांडतेस पण आणि दिवा पण लावतेस? तर म्हणाली, "तीन दिवस उपाशी बसलाय तो. भांडायचं तर आधी जेवू नको का घालायला?"

मला भरवसा म्हणजे काय हे तेव्हा थोडंसं कळलं. माझा समज असा होता की भरवसा असलेला माणूस शांत असतो, रडत नाही, तक्रार करत नाही, आणि आपण तसे नाही म्हणजे आपली भक्ती कच्ची. पण आपल्याकडच्या संतांची गोष्टच बघा की. आमची दिंडी त्र्यंबकेश्वरहून निघते, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर, म्हणून त्यांचंच सांगतो. संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलेली चार भावंडं, आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं, आणि थोरला हा, म्हणजे धाकट्यांचा बाप पण हाच आणि ज्ञानोबांचा गुरूही हाच. 1296 च्या कार्तिकात आळंदीला या थोरल्यानं धाकट्या भावाला समाधीला बसवलं. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेव. वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली असं सांगतात. सगळ्यात मोठा सगळ्यात शेवटी राहिला, आणि मग ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी तोही गेला. आता ज्ञानोबांच्या गुरूला मरण म्हणजे काय हे कुणी शिकवायला हवं होतं का? पण आळंदीच्या प्रसंगाचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे, त्यात निवृत्तिनाथ म्हणतात की किती समजूत घातली तरी मन राहत नाही. एवढा अधिकारी माणूस, पण रडला, आणि वारकऱ्यांनी ते रडणं लपवलं नाही, कीर्तनात आजही सांगतात, आणि ऐकताना मांडव पुसत असतो डोळे.

बाकी आमचं काय झालं म्हणाल तर चमत्कार काही झाला नाही. एप्रिलची छाटणी उधारीवर केली, लग्न वर्षभर पुढं ढकललं, व्याह्यांनी समजून घेतलं, कर्ज फिटायला चार वर्षं गेली. आई रोज दिवा लावायची आणि मधूनमधून टोमणाही मारायची, "बघतोयस ना?" एवढंच.

मग 2020 आलं. पायी वारी बंद, पालख्या निघाल्या एसटीनं, मोजकी माणसं आणि पादुका. आईची वारी पहिल्यांदा चुकणार होती, मला वाटलं आता ही परत देवघराचं दार लोटणार. मोबाईलवर त्र्यंबकहून निघालेल्या एसटीचा व्हिडिओ आला तो तिला दाखवला, फुलांनी सजवलेली गाडी, टाळ वाजतायत, तोंडाला मास्क. चष्मा पुसून दोनदा बघितला तिनं. आणि मला विचारते काय, "खिडकीजवळ बसवलंय ना रे त्यांना? वाटेत शेतं दिसली पाहिजेत."