पाय गवतात लपवलेले घोडे

(पडद्यावर: वहीची पानं उलटतायत)

ही वही माझ्या धाकट्या बहिणीची. व्हिडिओत नाव घ्यायचं नाही अशी तिची अट आहे, चित्रं मात्र हवी तेवढी दाखव म्हणाली. तर ही पहिली वही, नीट बघा हं. हा घोडा गुडघाभर गवतात. हा पण गवतात. हा पाण्यात उभा. ह्याच्या तर पोटापर्यंत धुकं. मला वाटायचं काय निसर्गाचं वेड आहे पोरीला! तसलं काही नाही, तिला पाय जमत नव्हते.

चेहरा मस्त यायचा, डोळे, आयाळ, सगळं झकास. खाली आली की संपलं. पाय काढायची, खोडायची, परत काढायची, आणि शेवटी हिरवी पेन्सिल घेऊन गवत.

मग कधीतरी तिला सांध्यांचं गणित कळलं आणि त्या दिवशी मला जेवताना ते ऐकावं लागलं. घोड्याच्या पुढच्या पायात मधे जो सांधा दिसतो ना, ज्याला आपण सरळ गुडघा म्हणून मोकळे होतो, ते खरं म्हणजे त्याचं मनगट. मागच्या पायाला मागे वळलेलं टोक दिसतं ती टाच. मागच्या पायाचा खरा गुडघा वर, पोटाला लागून, पटकन दिसतच नाही. म्हणजे हा एवढा मोठा प्राणी प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आपलं मधलं बोट असतं ना ते, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. दुसऱ्या दिवशी ही घरभर मधली बोटं जमिनीला टेकवून रांगतेय. आई म्हणाली, हिला काय झालंय?

जॉर्ज स्टब्ज म्हणून एक इंग्रज चित्रकार होता, त्याने हेच समजून घ्यायला जवळजवळ दीड वर्ष एका खेड्यात मेलेले घोडे टांगून ठेवून एकेक थर सोलत चित्रं काढली, आधी कातडी, मग स्नायू, मग हाडं. १७६६ साली त्याचं पुस्तक आलं, छापायच्या प्लेटसुद्धा त्याने स्वतःच कोरल्या होत्या. ही गोष्ट सांगून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न काय, तर "दादा, वास कसा सहन केला असेल रे त्याने?"

(पडद्यावर: मोबाइलवरचे जुने फोटो)

फोटोचं खूळ मात्र आलं ते निव्वळ चोरीसाठी. फोटो काढायचा, समोर ठेवायचा, पाय जसेच्या तसे उतरवायचे, एवढाच प्लॅन. पहिला फोटो हा. नाक भोपळ्याएवढं आणि कान गायब. मोबाइल घेऊन तोंडाजवळ गेलं की असंच होणार, कारण घोड्याचं डोकं इतकं लांब की नाक लेन्सच्या पुढ्यात आणि कान पार मागे. लांब उभं राहून झूम केलं की प्रमाण बरं येतं. तेही आपण उभ्या उभ्या वरून नाही काढायचं, खाली बसून, लेन्स त्याच्या छातीच्या उंचीला, नाहीतर पाय आखूड दिसतात. काळा घोडा असेल तर कॅमेरा आपल्या मनानेच त्याला राखाडी करून टाकतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली ओढायचं. आणि फ्लॅश नाही म्हणजे नाही! घोडा बुजतो. त्याला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी समोर दिसत नाही, त्यामुळे मागून गुपचूप जाणं हा शुद्ध मूर्खपणा. हे मैदानावर घोड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी आम्हाला जरा मोठ्या आवाजात समजावलेलं आहे.

आता खरी गंमत. भरधाव घोडा. सेकंदाचा हजारावा भाग असा शटर ठेवून, बर्स्ट म्हणजे सलग फोटोंचा मोड लावून, एका फेरीत साठ-सत्तर फोटो. हे आज आपण हसत खेळत करतो, पण १८७८ मधे एडवर्ड मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला ह्याच कामासाठी ट्रॅकच्या कडेला डझनभर कॅमेरे ओळीने मांडावे लागले, आडवे दोरे बांधले, घोडा पळत गेला की दोरा ओढला जाऊन एकेका कॅमेऱ्याचं शटर उडायचं. प्रश्न असा होता की धावताना चारही पाय एकदम जमिनीवरून उचलले जातात का? जातात. पण चित्रकार शेकडो वर्षं दाखवत होते तसे पुढे-मागे फाकलेले नसतात, उलट पोटाखाली गोळा झालेले असतात. जेरिको ह्या फ्रेंच चित्रकाराचं १८२१ चं घोड्यांच्या शर्यतीचं चित्र आहे, त्यात सगळे घोडे हवेत पसरलेत, शास्त्राच्या हिशेबाने साफ चूक.

माझी बहीण खूष. चला, आता पुरावा हातात आहे. तिने एक फोटो निवडला, पोटाखाली पाय वगैरे, इंच न इंच उतरवला. आणि चित्रातला घोडा पळेचना. अक्षरशः अडखळून पडताना कुणीतरी पॉज दाबल्यासारखा. दुसरा फोटो घेतला, तेच. चार दिवस घरात कुणाशी धड बोलत नव्हती.

उत्तर निघालं ते शिल्पकार रोदँच्या बोलण्यात. तो ह्याच जेरिकोची बाजू घेऊन म्हणायचा की खोटं बोलतो तो फोटो, कारण खरा काळ कधी थांबत नाही. आपण चित्र बघताना आधी मागचे पाय रेटा देताना बघतो, मग अंग ताणलेलं, मग पुढचे पाय जमीन शोधताना, म्हणजे एकाच चित्रात दोन-तीन क्षण असतात. मला हे आधी पळवाट वाटलं, खरं सांगतो. पण तिने करून बघितलं, मागचे पाय एका फोटोतून घेतले, पुढचे त्याच्या तीन फोटो नंतरच्यातून. काकांना दाखवलं. ते म्हणाले, असा घोडा चालूच शकत नाही. म्हणाले आणि वही परत द्यायचं विसरून तसेच बघत उभे राहिले.

तेव्हापासून ती मैदानावर गेली की आधी कॅमेरा काढतच नाही. डोळे मिटून टापा ऐकते. साध्या चालीला चार ठोके, दुडकीला दोन, कारण तिरके पाय जोडीने पडतात, कँटरला, म्हणजे दुडकी आणि भरधाव ह्यांच्या मधल्या चालीला, तीन. मग फोटो, मग घरी येऊन चित्र, आणि चित्र काढताना फोटो उलटा करून ठेवलेला.

(पडद्यावर: शेवटचं पान)

हे गेल्या आठवड्यातलं. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतोय, मागचा एक पाय सैल सोडून नुसता खुराच्या टोकावर टेकवलाय. पुढचे दोन्ही खूर बघा, स्वच्छ, उघडे. मागचा उजवापण. डाव्या खुराशी मात्र चार काड्या गवत आहे. विचारलं तर म्हणते, तिथे खरंच होतं रे दादा.

मी फोटो काढून बघितला. नुसती माती आहे.