चेंडू नेमका कुठे लागला?

एका सेकंदाचे दोन हजार भाग करा. गोल्फमध्ये त्यातल्या साधारण एका भागाएवढाच वेळ क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात. हाताला धक्का जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणून "बरा लागला" या भावनेवर विसंबून केलेला सराव मला अपुरा वाटतो. आधी पुरावा हवा.

तो मिळवायला महागडं यंत्र लागत नाही. क्लबफेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, कोरड्या पावडरचा हलका फवारा मारा आणि चेंडू मारा. पांढऱ्या थरावर गोल ठसा उमटेल. एका ठशावरून काही ठरवू नका, दहा फटक्यांचे ठसे बघा. ते टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, गोळा होत असतील, तर बहुधा तुम्ही चेंडूच्या फार जवळ उभे आहात, किंवा स्विंगमध्ये वजन पायाच्या बोटांवर जातंय. टोकाकडे असतील, तर फटक्याच्या क्षणी हात आत ओढले जात असतील. ठशासाठी चिकटपट्टीही मिळते. पण पावडर असो वा पट्टी, चेंडूची फिरकी बदलते. त्या फटक्यांचं अंतर मोजत बसू नका.

ठसा एक गोष्ट सांगत नाही: क्लब जमिनीला कुठे लागला. आयर्नच्या, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबच्या, फटक्यात आधी चेंडू, मग गवत. गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हट, चेंडूच्या पुढे निघायला हवा. सरावाची मॅट इथे फार फसवते. क्लब चेंडूच्या मागे आपटला, तरी मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका चांगला भासतो. खऱ्या गवतावर तोच फटका फॅट होतो, म्हणजे क्लब आधी जमिनीत अडकतो आणि चेंडू जवळच पडतो. किती जणांचा सराव असा वाया जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उपाय साधा आहे. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला, की चूक लगेच कळते. टिकल्यांच्या कापडाची पाटीही मिळते. क्लब जिथे घासतो, तिथल्या टिकल्या उलटतात, रंग बदलतो. ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, मात्र टॉवेलची ही परीक्षा लावू नका. तिथे चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब वर येताना लागला तरी चालतो.

पाच फटके टॉवेल ठेवून, पाच टॉवेल काढून. नियमांनुसार फेरीत अशी साधनं वापरता येत नाहीत, त्यामुळे काढून मारलेले फटकेही मोजा.

1950 सालच्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत, अमेरिकेतल्या मेरियनच्या मैदानावर, अमेरिकी गोल्फपटू बेन होगननं वन-आयर्ननं मारलेल्या फटक्याचं छायाचित्र जगभर गाजलं. तो क्लब नंतर हरवला. तीस वर्षांहून अधिक काळानं तो सापडला, तेव्हा ओळख पटायला मदत झाली ती फेसवरच्या झिजेची. नाण्याएवढी, एकाच जागी.