मिस्त्रीचा कान

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. गेली एकतीस वर्षे मी सांगली जिल्ह्यातील पलूस परिसरात शेतीपंपांच्या मोटारी भरण्याचे, म्हणजे आतल्या जळालेल्या तारांच्या गुंडाळ्या काढून नव्या घालण्याचे काम करतो. जवळच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्यामुळे आमच्या भागात पंप, पात्या, शाफ्ट हे शब्द घरोघरी पोचलेले आहेत आणि मोटार भरणे म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आज मला माझी गाडी, माझी हत्यारे आणि माझा रिकामा वेळ यांविषयी बोलायचे आहे.

गाडीपासून सुरुवात करतो. माझ्याकडे बजाजची जुनी चेतक आहे. १९७२ साली ही स्कूटर रस्त्यावर आली. माझी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बनलेली आहे. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे ती थोडी एका बाजूला ओढते आणि सवय नसलेला माणूस तिच्यावर अवघडून बसतो, हे खरे आहे. पण तिच्या पायांपाशी सपाट जागा आहे, तिथे तीन हॉर्सपॉवरची मोटार गोणपाटात गुंडाळून ठेवता येते. तिची पुढची आणि मागची चाके एकाच मापाची, दहा इंची आहेत, आणि स्टेपनी सोबत असते. ज्याला अपरात्री उसाच्या फडातून जावे लागते त्याला पंक्चर झाल्यावर दहा मिनिटांत स्वतःच्या हाताने चाक बदलता आले पाहिजे. आजच्या बहुतेक दुचाकींवरून स्टेपनी नाहीशी झाली याचे मला मनापासून वाईट वाटते. विजेवरच्या स्कूटरविषयी लोक माझे मत विचारतात. त्यांतली मोटारही तीन फेजचीच, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारीच असते, म्हणून मला ती परकी वाटत नाही. पण ती माझ्या हाताला उघडत नाही, आणि जे आपल्याला उघडता येत नाही त्याच्या भरवशावर रानात जाऊ नये, असे मला वाटते.

हत्यारांविषयी मी थोडक्यात सांगतो. बेअरिंग ओढून काढणारा चांगला पुलर घ्यावा आणि बेअरिंग हातोड्याने कधीही ठोकू नये. बेअरिंगच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो: ६२०५ म्हणजे पंचवीस, ६२०८ म्हणजे चाळीस. माझ्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी मला हे शिकवले होते. त्याच दिवशी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू मोटारीच्या बेअरिंगवर टेकवून मूठ माझ्या कानाला लावली आणि काय ऐकू येते ते विचारले. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत यावर उभी आहे: मोटार आधी ऐकायची असते, मग मोजायची असते.

कानाला हे वळण लावले ते माझ्या छंदाने. गावच्या भजनी मंडळाची पेटी मी दुरुस्त करतो. एक झाली म्हणून दुसरी आली, आणि आता आसपासच्या गावांतून पेट्या माझ्याकडे येतात. उंदरांनी कुरतडलेला भाता चामड्याने सांधणे हे सोपे काम आहे. अवघड काम सुरांचे आहे. पितळी पट्टीचे पाते टोकाकडे किंचित खरवडले की सूर चढतो, मुळाकडे खरवडले की उतरतो, आणि गरजेपेक्षा एक केसभर जास्त खरवडले तर पुन्हा उलट्या बाजूने खरवडत बसावे लागते. दोन सूर जवळजवळ जुळत आले की त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. ती सावकाश होत होत थांबली की सूर मिळाला. ही थरथर ऐकण्यासाठी शांतता लागते, म्हणून मी हे काम रात्रीच करतो. चार भिंतींच्या देवळात वीस माणसांच्या भजनाला मोठे कर्णे लावण्याची जी पद्धत आली आहे, तिच्यामुळे पेटी वाजवणाऱ्यालाच स्वतःची पेटी ऐकू येत नाही, आणि ही पद्धत बंद व्हावी असे मला फार वाटते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आलो आहे, ती सांगतो.

२०११ सालच्या उन्हाळ्यात भिलवडीकडच्या एका शेतकऱ्याची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जळून माझ्याकडे आली. पहिल्या दोन वेळा ती दुसरीकडे भरली होती. मी ती उघडली आणि मला वाइंडिंगकडे, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळ्यांकडे पाहताच पुष्कळ काही समजले. तीन फेजपैकी एकाच फेजच्या कॉइलींचा कोळसा झाला होता. उरलेल्या दोन फेजच्या कॉइली पिवळ्या, अगदी नव्यासारख्या होत्या. डेल्टा जोडणीच्या, म्हणजे तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या मोटारीत असे दिसले की समजावे, चालू मोटारीचा एक फेज गेला होता आणि ती दोनच फेजवर ओढत राहिली होती. तिन्ही गुंडाळ्या एका बिंदूत जोडलेली स्टार जोडणी असती तर दोन फेज जळून एक चांगला राहिला असता. मोटार पाण्याने किंवा जुनेपणाने जळली तर असा नेमका एक तृतीयांश भाग जळत नाही. मी मोटार भरली, वार्निश देऊन वाळवली, आणि त्या शेतकऱ्याला सांगितले की अण्णा, मोटार तयार आहे, पण ती बसवताना मी स्वतः पंपघरात उभा राहणार आहे.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत होती. मी चेतकवर हत्यारे बांधून निघालो, वाटेत प्लगवर काजळी धरून गाडी बंद पडली, तो पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवला आणि अकराच्या सुमारास नदीकाठी पोचलो. शेतकरी, त्यांचा मुलगा आणि त्यांनी आधी बोलावलेला एक वायरमन तिथे होते. वायरमनने मीटर लावून मला तिन्ही फेज दाखवले: ४१०, ४१५, ४१२ व्होल्ट. त्यात काहीच खोट नव्हती. मोटार चालू केली, पाण्याने पाइप भरला, आणि वीस मिनिटे सगळे सुरळीत चालले. मुलगा म्हणाला, “मिस्त्री, आता काय हुतंय, चला घरला.”

मी पंपघराच्या पायरीवर बसलो होतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते आणि तिच्यावर चालणाऱ्या मोटारीचे गुणगुणणे त्याच्या दुपटीने, म्हणजे शंभर कंपनांचे असते. पेटीच्या खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर तो सूर सापडतो. हा सूर मला रोजचा आहे. वीस मिनिटांनी सूर तोच राहिला, पण त्याला एकदम जडपणा आला, जणू कोणीतरी भात्यावर गुडघा टेकवून पेटी वाजवतो आहे. मी ओरडून मीटर लावायला सांगितले. वायरमनने मोटारीच्या बाजूला मीटर लावला: तारांच्या एका जोडीत ४१५, उरलेल्या दोन जोड्यांत पावणेचारशेच्या वर. तो म्हणाला की रात्री विजेचा दाब असा वरखाली होतोच. मग मी टंग टेस्टर, म्हणजे तार न तोडता करंट मोजणारे यंत्र, काढून एकेक वायर त्याच्या जबड्यात घेतली. पहिलीत एकोणीस अँपिअर. दुसरीत एकोणीस. तिसरीत शून्य.

मोटार तात्काळ बंद केली. श्रोतेहो, इथे जे घडले ते मी सावकाश सांगतो. फेज गेला असूनही मीटरला दाब दिसत होता, कारण फिरती मोटार गेलेल्या फेजच्या तारेवर स्वतःच दाब तयार करते. म्हणून चालू मोटारीचा फेज गेला आहे का, हे केवळ व्होल्टवरून ठरवू नये; करंट पाहावा. पुन्हा सांगतो, करंट पाहावा. या मोटारीला पूर्ण भारावर सुमारे अकरा अँपिअर लागतात. एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांत त्याच्या पावणेदोन पट करंट वाहतो आणि एका कॉइलीच्या वाट्याला तर दुप्पट येतो.

आता फेज कुठे जातो ते शोधायचे होते. मोटार बंद असताना मीटर पुन्हा तिन्ही फेज बरोबर दाखवू लागला, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही आणि नुसता टेकलेला सांधाही त्याला पुरतो. मी वस्तादांचा टेस्ट लॅम्प काढला. दोनशे वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले. मोटार चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमध्ये वीज येते त्या बाजूला तो लावला आणि मुलाला बाहेरची केबल लाकडी काठीने हलवायला सांगितली. एका जोडीत बल्ब स्थिर राहिले. तिसऱ्या तारेचा संबंध आला की ते मंद होत, फडफडत, पुन्हा उजळत. खांबावरचा फ्यूज ओढून केबल सोडवली. अ‍ॅल्युमिनियमच्या तारा टोकाला लग, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता पितळी टर्मिनलखाली थेट आवळलेल्या होत्या, आणि एका तारेवर पांढरट काळी पूड साचली होती. मोटार चालून तो सांधा तापला की संपर्क सुटत होता, थंड झाला की जुळत होता. म्हणून दिवसा तपासणाऱ्या कोणालाच तो सापडला नव्हता.

एक प्रश्न राहिला होता. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटार बंद करण्यासाठीच असतो, तो का पडला नाही? मी झाकण काढले तर त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर होता. शेतकरी खाली पाहत म्हणाले, “लई डाव ट्रिप हुयाचं, पिकाला पानी मिळंना, म्हणून मीच त्यो वर सरकवला.” मी त्यांना दोष दिला नाही. रात्री दोन वाजता उठून, सापांच्या वाटेने येऊन बंद मोटार पुन्हा चालू करणाऱ्या माणसाला रिलेचा राग येणारच. पण जो मोटार वाचवत होता त्यालाच त्यांनी बाजूला केले होते, हे मी त्यांना समजावून सांगितले.

तारा स्वच्छ करून लग दाबले, तिन्ही सांधे नव्याने आवळले आणि रिलेचा काटा अकरावर आणला. मोटार चालू करून मी तिन्ही तारांत करंट पाहिला. तिन्ही ठिकाणी दहाच्या थोडा वर होता. मग दीड तास मी तिथेच बसून राहिलो. शेतकऱ्यांनी चहा आणला, मुलगा झोपी गेला, आणि तो सूर पहाटे दोनपर्यंत एकसारखा, हलका राहिला.

त्या मोटारीला मी पुन्हा हात लावला तो चार वर्षांनी. ६२०८ ची दोन बेअरिंगे घासली होती, ती बदलली. वाइंडिंग पिवळेच होते.