पाव गोळी

(रात्र. जांभ्याचा गडगा. अतिनील बॅटरीचा झोत.)

दिवसा या गडग्यात काही दिसत नाही. रात्री अतिनील उजेड टाकला की फटीत हिरवट काहीतरी चमकतं. ते विंचवाचं कवच. बोटभर लांबी, सडपातळ चिमटे, जाड नांगी. हा तांबडा विंचू. काळा विंचू याच्याहून थोराड, बघूनच धडकी भरावी असा. पण जिवावर बेततं ते याच्या डंखानं.

(गोवऱ्या, पेंढा, दाराशी काढलेल्या चपला.)

सरपण काढताना, पेंढा ओढताना, चपलेत पाय घालताना डंख होतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या डंखावर नेमका उपचार नव्हता. रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले.

(केसपेपर. कपाळावरचा घाम, जवळून.)

या नोंदींतून चार खुणा हाती आल्या. उलट्या, अंग निथळणारा घाम, गारठलेले हातपाय, आणि पुरुषांमध्ये, अगदी लहान मुलग्यांमध्येही, लिंगाला आलेली ताठरता. ही शेवटची खूण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारायचीच. १९८२ साली ही निरीक्षणं ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आणखी एक उलटं वाटणारं निरीक्षण: डंखाच्या जागी असह्य ठणका आणि बाकी काही नाही, तर धोका बहुधा कमी. न दुखता घाम फुटला, तर घाई करा.

(ईसीजीचा कागद सरकतो आहे.)

विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्या दाबापुढे हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला तांबूस फेस येतो. म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. ते काम करणारी गोळी रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती: प्राझोसिन. विंचूदंशावरच्या तिच्या वापराबद्दलचा बावस्करांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला.

(हात. ब्लेड. एक मिलिग्रॅमची गोळी.)

मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. आठ किलोच्या बाळाला २४०, म्हणजे या गोळीचा साधारण चौथा भाग. मोठ्या माणसाला अर्धी. गोळी साधीच हवी. सावकाश विरघळणारी इथे कामाची नाही, आणि ती तोडायची तर मुळीच नाही. उलट्या थांबत नसतील तर नाकातून नळी घालून द्यायची. उलट्या आणि घामानं अंगातलं पाणी गेलेलं असतं. ते आधी भरून काढायचं, नाहीतर गोळीनं रक्तदाब धाडकन उतरतो.

(खाट. आई बाळाकडे झुकते. परिचारिकेचा हात मध्ये येतो.)

इथेच चूक होते. मूल रडलं की आई उचलून खांद्यावर घेते. प्राझोसिन दिलेल्या मुलाला उभं धरलं तर रक्तदाब कोसळू शकतो. घ्यायचं तर आडवंच. दुसरी चूक डॉक्टरांची: घाम पाहून ॲट्रोपिन देणं. घाम आटतो, पण आधीच धावणारी नाडी आणखी पळते.

(भिंतीवरचं घड्याळ. नोंदवही.)

पहिले तीन तास दर अर्ध्या तासानं नाडी, रक्तदाब, श्वास. पुढचे सहा तास दर तासाला. मग चार-चार तासांनी.

(प्रतिविषाची कुपी, सलाईनचे थेंब.)

पुढे प्रतिविष आलं. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडला ७० रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठ. प्रतिविष नसेल तिथे मात्र गोळी द्यायला थांबायचं कारण नाही. ती आरोग्य केंद्राच्या कपाटात हवी, तालुक्याच्या गोदामात नव्हे.

पूर्वी या दंशाचे गंभीर रुग्ण मोठ्या संख्येनं दगावत, आता क्वचित. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

(चादरीखालून दिसणारं पाऊल. परिचारिका अंगठा चाचपते.)

अजून गार आहे. पहिल्या मात्रेला तीन तास झाले. दुसरी पाव गोळी.