लसूण सुचत का नाही?

"कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर झाल्या लेकी." ओळखा बघू!

हे कोडं मालवणात, वेंगुर्ल्यात एखाद्या पडवीत घातलं ना, की पोरं आधी कोकणालाच धरून बसतात, नारळ, फणस, काजू, रातांबा सगळं म्हणून होतं, एखादा सुरमईसुद्धा म्हणतो, आणि उत्तर काय तर लसूण! गड्डीवर बुक्की मारली की पाकळ्या घरभर. आता लसूण काही कोकणची ओळख नाही, म्हणजे पहिल्याच शब्दाला आपण भलत्या वाटेला लागलो, त्यात सखी म्हटलं की डोळ्यासमोर बाई उभी राहते, मग स्वयंपाकघरातल्या टोपलीकडे लक्ष जाणार कसं?

मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की बाई आपणच उभी केली. आणि एकदा उभी केली की ती हलत नाही.

कार्ल डुंकर नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, त्याचा अभ्यास 1945 साली इंग्रजीत आला. त्याने लोकांना मेणबत्ती, काड्या आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या दिल्या, मेणबत्ती उभ्या भिंतीवर बसवा म्हणाला. उपाय सोपा, खोकं रिकामं करून भिंतीला टोचायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. पण बऱ्याच जणांना ते सुचेना, कारण खोकं म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू असं डोक्यात पक्कं बसलेलं. तेच खोकं रिकामं दिलं तर लोकांना पटकन दिसलं!

आपल्या जुन्या कोड्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. "तीन जण वाढायला, बारा जण जेवायला." गावजेवणाची पंगत पाहिलेला माणूस लगेच पानं मोजायला लागतो, पत्रावळी, डाळभात, वाढपी, सगळं दिसतं त्याला. तीन काटे आणि बारा आकडे मात्र दिसत नाहीत, आणि घड्याळ तिथेच पडवीच्या भिंतीवर टिकटिकत असतं.

हल्ली मोबाईलवर आकड्यांचं घड्याळ बघणाऱ्या पोरांना हे कोडं अडतं ते वेगळ्याच कारणाने. ती फसत नाहीत, त्यांच्याकडे काट्यांचं घड्याळच नसतं. अशा पोराला उत्तर सांगून टाकू नका प्लीज, आधी काट्यांचं घड्याळ हातात द्या, त्याला वेळ बघायला शिकवा, आणि चारआठ दिवसांनी, त्याच्या ध्यानीमनी नसताना, पंगतीचं कोडं घाला.