बिऱ्हाड पाठीवर: हर्क्युलेझ गोमेझची गोष्ट

26 जून 2010. दक्षिण आफ्रिकेतलं रस्टनबर्ग. वर्ल्ड कपची बाद फेरी, अमेरिका विरुद्ध घाना. नव्वद मिनिटं संपली आहेत आणि स्कोअर एक-एक आहे. जादा वेळ सुरू होताना अमेरिकेचा प्रशिक्षक एका आघाडीवीराला मैदानात उतरवतो. दोनच मिनिटांत घानाचा असामोआ ग्यान गोल मारतो आणि अमेरिका घरी जाते.

त्या आघाडीवीराच्या हाती काही लागलं नाही. पण तो तिथे पोचला कसा, हेच नवल आहे. वर्ल्ड कपच्या जेमतेम सहा महिने आधी अमेरिकेतल्या लीगमधलं त्याचं दाणापाणी संपलं होतं.

नाव हर्क्युलेझ गोमेझ. जन्म 1982, लॉस एंजेलिस. आईवडील मेक्सिकन, बालपण लास व्हेगासमध्ये. नाव हर्क्युलिसचं, पण अंगकाठी तशी बेताचीच. पोरसवदा वयातच तो फुटबॉलसाठी मेक्सिकोला गेला आणि तिथल्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला. मग परत आला. सॅन डिएगोतल्या एका छोट्या क्लबकडून गोल मारले, तेव्हा एलए गॅलक्सी या लॉस एंजेलिसच्या क्लबची नजर त्याच्यावर पडली. पायाचं हाड मोडलं. उसना खेळाडू म्हणून सिएटलला जाऊन आला. हिवाळ्यात तर तो चक्क इनडोअर फुटबॉल खेळला, छताखाली, भिंतीवर आपटून परत येणाऱ्या चेंडूशी.

2005 साली नशीब उघडलं. लीगमध्ये 11 गोल. यूएस ओपन कप या अमेरिकेतल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये एफसी डॅलसविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. त्याच मोसमात गॅलक्सीने लीगचं विजेतेपदही पटकावलं. आता इथेच घर करावं, असं कुणालाही वाटलं असतं.

वर्षभराने, 2006 संपता संपता, क्लबने त्याला कोलोराडोला देऊन टाकलं. बदल्यात एक गोलरक्षक घेतला.

इथे थोडं थांबून ही पद्धत समजून घेऊ. आयपीएलमुळे 'ट्रेड' हा शब्द आपल्या ओळखीचा झालाय. अमेरिकेतल्या या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग सॉकरमध्ये, मात्र खेळाडूचा करार क्लबशी होतच नाही, तो थेट लीगशी होतो. पगार लीग देते, आणि क्लब आपसात माणसांची अदलाबदल करतात. तू जातोस का, असं त्या काळी खेळाडूला विचारायची गरजच नसे. सकाळी फोन येणार आणि संध्याकाळी सामान बांधायचं. सरकारी नोकरीतल्या बदलीसारखंच, फक्त अर्ज करायची सोय नाही.

कोलोराडोच्या नव्या स्टेडियममधला पहिलावहिला गोल गोमेझने मारला. तरीही 2008 मध्ये त्याची पुन्हा रवानगी झाली, या वेळी कॅन्सस सिटीला. तिथे तो बहुतेक वेळ बाकावरच बसून राहिला. 2009 सरलं, करार संपला. गंमत अशी की पुढच्याच वसंतात याच कॅन्सस सिटीत आपला सुनील छेत्री दाखल झाला, आणि त्याच्या वाट्याला तर लीगचा एकही सामना आला नाही.

गोमेझ पुन्हा मेक्सिकोत गेला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावरच्या पुएब्ला शहरात. प्रशिक्षक होते होसे लुइस सांचेझ सोला. सगळा मेक्सिको त्यांना 'चेलीस' म्हणतो. तिथेही गोमेझ बहुतेक वेळा बदली म्हणूनच उतरायचा. पण बाक आता त्याला ओळखीचा झाला होता. त्या विरळ हवेत समोरचे बचावपटू शेवटच्या वीस मिनिटांत धापा टाकू लागतात, आणि हा ताज्या पायांनी आत येतो. एक गोल, मग आणखी एक. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 10 गोल होते, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. या मानात दोघे वाटेकरी होते. एक पेरूचा योहान फानो, दुसरा चिचारितो, म्हणजे हाविएर एर्नांडेझ, जो तिथून थेट मँचेस्टर युनायटेडला गेला. परदेशातल्या अव्वल लीगमध्ये गोलांच्या यादीत पहिला येणारा गोमेझ हा पहिला अमेरिकन.

चिचारितोसाठी इंग्लंडचं दार उघडलं आणि गोमेझसाठी राष्ट्रीय संघाचं. अमेरिकेचे प्रशिक्षक बॉब ब्रॅडली यांनी आधी त्याला सराव शिबिरात बोलावलं. चेक संघाविरुद्ध गोल, ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल, आणि वर्ल्ड कपच्या 23 जणांत जागा. स्लोव्हेनियाविरुद्ध तो शेवटची दहा मिनिटं खेळला, अल्जीरियाविरुद्ध पहिला हाफ. आणि मग रस्टनबर्ग.

यानंतर तरी स्थैर्य? छे! पाचूका, मग तेकोस, मग तोरेऑन शहराचा सान्तोस लागुना, सगळे मेक्सिकोतलेच क्लब. 2011 च्या ऑगस्टमध्ये याच तोरेऑनच्या स्टेडियमबाहेर गोळीबार झाला होता आणि खेळाडू सामना सोडून आत पळाले होते. त्यानंतर काही महिन्यांतच गोमेझ तिथे राहायला गेला. काम असेल तिथे जायचं. 2012 च्या मे महिन्यात सान्तोस मेक्सिकोचा विजेता ठरला, आणि अमेरिकेचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गेन क्लिन्समनने गोमेझला पुन्हा राष्ट्रीय संघात घेतलं.

त्याच सप्टेंबरमध्ये जमैकाने किंग्स्टनमध्ये अमेरिकेला हरवलं. चार दिवसांनी कोलंबसमध्ये परतफेडीचा सामना. गोल होता होत नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये फ्री-किक मिळाली, गोमेझ चेंडूमागे उभा राहिला आणि सामना 1-0 असा संपला. माझ्या मते त्याच्या पायातून सुटलेला सर्वांत मोलाचा चेंडू तोच. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतले तीन गुण एका फटक्यात मिळाले.

पुढे मेक्सिकोतलाच तिहुआना क्लब आणि गुडघ्याची दुखापत. 2014 चा वर्ल्ड कप हुकला. परत पुएब्ला. मग टोरांटो. शेवटी 2016 मध्ये सिएटल, जिथे पोरगेला असताना तो उसना खेळून गेला होता. त्या वर्षी सिएटलने लीग जिंकली. फायनल कुठे झाली? टोरांटोत, आणि समोर होता टोरांटोच, त्याचा आदल्या वर्षीचा क्लब.

2017 च्या सुरुवातीला त्याने बूट काढले. देशासाठी 24 सामने, 6 गोल. मग ईएसपीएनच्या स्टुडिओत तो फुटबॉलवर बोलायला बसला. अमेरिकेचं फुटबॉल आणि मेक्सिकोचं फुटबॉल, दोन्हींवर. दोन्हीकडच्या ड्रेसिंग रूम त्याने आतून पाहिल्या आहेत, आणि दोन्हीकडचे बाकही.